कंडेन्सरचा व्हॅक्यूम पुन्हा पडतोय? ट्यूब धुवायला घेण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक औष्णिक वीज प्लांटमध्ये एकाच साच्याची असते. ओव्हरहॉलनंतर युनिट चालू होतं तेव्हा कंडेन्सरचा (टर्बाइनमधून निघालेली वाफ गार पाण्याच्या ट्यूबवर थिजवून तिचं पाणी करणाऱ्या यंत्राचा) व्हॅक्यूम छान असतो. मग तो हळूहळू मागे पडतो. दोन-तीन महिन्यांत पूर्ण लोडला डिझाइनपेक्षा पंधरा-वीस मिलिमीटर पाऱ्याचा फरक दिसू लागतो, हीट रेट (एक युनिट विजेला लागणारी उष्णता) बिघडतो आणि बैठकीत ठरतं की ट्यूब घाण झाल्यात, शटडाउन मिळाला की धुऊन घ्या. शटडाउन मिळतो, ट्यूब धुतल्या जातात, व्हॅक्यूम सुधारतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच बैठक भरते.

‘ट्यूब धुतल्यावर सुधारला, म्हणजे दोष ट्यूबचाच होता’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. शटडाउनमध्ये फक्त ट्यूब धुतल्या जात नाहीत. व्हॅक्यूम पंपाच्या कूलरचा स्ट्रेनर साफ होतो, गळक्या व्हॉल्व्हच्या ग्लँडचं (दांड्याभोवतीच्या सीलचं) पॅकिंग बदललं जातं, मॅनहोलची गॅस्केट नवी बसते, पासिंग (बंद असूनही वाफ सोडणारे) ड्रेन व्हॉल्व्ह लॅप होतात, म्हणजे घासून घट्ट बसवले जातात. श्रेय मात्र सगळं ट्यूबच्या खात्यात जमा होतं. म्हणून खरं कारण पुढच्या वेळी परत येतं आणि पुन्हा ट्यूबच धुतल्या जातात.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते आधी बघू. टर्बाइन सायकलला मिळालेल्या उष्णतेतली निम्म्याहून जास्त उष्णता कंडेन्सरमधून बाहेर जाते. डिझाइनच्या आसपास बॅकप्रेशर (कंडेन्सरमध्ये उरलेला दाब) 10 मिमी पाऱ्याने वाढलं तर हीट रेट ढोबळमानाने एक टक्क्याने बिघडतो (नेमका आकडा तुमच्या टर्बाइनच्या करेक्शन कर्व्हवरून घ्या, तो दर मशीनला वेगळा असतो). तिकडे बॉयलरमध्ये एअर हीटरनंतरचं फ्लू गॅसचं तापमान 20-22 अंशांनी चढलं तर कार्यक्षमता एक टक्क्याने घसरते, आणि त्यावर केवढा आरडाओरडा होतो! इथे वीस मिलिमीटर म्हणजे दोन टक्के, शंभर टनांमागे दोन टन कोळसा. त्याबद्दल ‘उन्हाळा आहे हो’ एवढंच म्हणून विषय संपतो.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

डेस्कवर दिसणारा व्हॅक्यूम गेज प्रेशरचा असेल तर त्याला बॅरोमीटरची जोड हवीच. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब 760 मिमी असतो, 500 मीटर उंचीवर तो साधारण 716 मिमी. बॅकप्रेशर दोन्हीकडे 75 मिमीच असलं तरी एका प्लांटचा गेज 685 दाखवेल आणि दुसऱ्याचा 641. हवामानाप्रमाणेही बॅरोमीटर चार-पाच मिमी हलतो. त्यामुळे शक्यतो अॅब्सोल्यूट ट्रान्समीटरचाच (वातावरणाऐवजी पूर्ण निर्वातापासून दाब मोजणाऱ्याचाच) आकडा वापरा आणि चर्चाही बॅकप्रेशरमध्येच करा. ‘व्हॅक्यूम वाढला’ म्हणजे चांगलं की वाईट यावर शिफ्ट बदलताना झालेला गोंधळ बऱ्याच जणांनी अनुभवला असेल.

पुढची तपासणी सोपी आहे. कंडेन्सरमधल्या वाफेला दाबाप्रमाणे एक ठरलेलं तापमान असतं: 65 मिमीला 43 अंश, 75 मिमीला 46 च्या जरा खाली, 88 मिमीला 49. एलपी म्हणजे कमी दाबाच्या टर्बाइनच्या एक्झॉस्ट हूडचं (वाफ कंडेन्सरकडे बाहेर पडते त्या भागाचं) तापमान याच्याशी ताडून बघा. पूर्ण लोडला ट्रान्समीटर 88 मिमी दाखवतोय आणि हूडचे थर्मोमीटर 45-46 वर बसलेत, तर दोघांपैकी एक खोटं बोलतोय. (फार कमी लोडला हूड विंडेजमुळे, म्हणजे ब्लेडच्या घुसळणीमुळे, उगाच तापतो, तेव्हा ही ताडणी करू नका.)

खोटं बोलणारा बहुधा ट्रान्समीटरच निघतो, आणि त्यातही दोष त्याच्या सेन्सिंग लाइनचा असतो. ही लाइन कंडेन्सरकडे सलग उतरती हवी, म्हणजे तिच्यात जमलेलं पाणी परत कंडेन्सरमध्ये जाईल. कुठेतरी एखादा क्लँप निसटतो, लाइन मधोमध झोळ खाते आणि तिथे पाणी बसतं. 13.6 मिमी पाणी म्हणजे 1 मिमी पारा. झोळात 20 सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ उभा राहिला तर जवळजवळ 15 मिमीची चूक झाली. एवढ्या चुकीवर अख्खा शटडाउन मागितला जाऊ शकतो. लाइन बाहेरून हात फिरवत शेवटपर्यंत चालून बघा, ड्रॉइंगवर बघून समाधान मानू नका.

तोटा तीन तुकड्यांत फोडा

आकडा खरा निघाला की पुढची पायरी ही, आणि सगळ्यात जास्त वेळा हीच गाळली जाते. कंडेन्सरमधलं वाफेचं तापमान तीन गोष्टींच्या बेरजेतून येतं: सीडब्ल्यू पाण्याचं (ट्यूबमधून फिरणाऱ्या गार पाण्याचं) इनलेट तापमान, कंडेन्सरमधून जाताना त्या पाण्याची झालेली वाढ म्हणजे राइज, आणि बाहेर पडणारं पाणी व वाफ यांच्यातला उरलेला फरक म्हणजे टीटीडी (टर्मिनल टेम्परेचर डिफरन्स). तिन्हींचे डिझाइन आकडे हातात असतात. प्रत्यक्षातले आकडे डेस्कवर असतात. वजाबाकी करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही.

एक उदाहरण सोडवून दाखवतो. समजा डिझाइनप्रमाणे इनलेट 30, राइज 9, टीटीडी 4. बेरीज 43 अंश, म्हणजे 65 मिमी. आज पूर्ण लोडला इनलेट 31.5, राइज 9.5, टीटीडी 8. बेरीज 49 अंश, म्हणजे 88 मिमी. एकूण तोटा 23 मिमी. आता एकेक गोष्ट क्रमाने बदलत जा. फक्त इनलेट बदललं तर 44.5 अंश, सुमारे 70 मिमी: तोटा 5. त्यात राइज बदलला तर 45 अंश, 72 मिमी: आणखी 2. त्यात टीटीडी बदलला तर 49 अंश, 88 मिमी: उरलेले 16.

म्हणजे ‘उन्हाळ्याचं पाणी गरम आहे’ या वाक्याच्या वाट्याला 23 पैकी फक्त 5 मिमी येतात. बाकीचं घरातलंच आहे. काटेकोर बोलायचं तर टीटीडी स्वतःही इनलेट तापमान आणि फ्लोवर थोडा अवलंबून असतो, त्यामुळे ही फोड पाठ्यपुस्तकी अचूक नाही. पण कुठल्या दिशेने शोधायचं हे ठरवायला ती पुरेशी आहे. लोड मात्र दोन्ही वेळी तोच ठेवा. पूर्ण लोडच्या डिझाइनशी 70 टक्के लोडचे आकडे ताडले तर सगळंच छान दिसेल.

इनलेट जास्त असेल तर

फार वेळ घालवू नका. कूलिंग टॉवर असेल तर वेट बल्ब (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मोमीटरचं तापमान) मोजा आणि अॅप्रोच (थंड पाणी आणि वेट बल्ब यांतला फरक) काढा. थंड पाणी 31.5 आणि वेट बल्ब 27 असेल तर अॅप्रोच साडेचार. टॉवर आपलं काम करतोय, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अॅप्रोच सात-आठवर गेला असेल तर फिल (टॉवरमध्ये पाणी पसरवणारी भरण) चोक झालंय का, नोझल तुटून पाणी एकाच जागी धो-धो पडतंय का, फॅनच्या ब्लेडचा कोन कुणी करंट कमी करायला उतरवून ठेवलाय का, ते बघा. टॉवरच्या माथ्यावर उभं राहून पाणी सगळीकडे सारखं पसरतंय का हे डोळ्यांनी बघणं कुठल्याही रिपोर्टपेक्षा उपयोगी पडतं.

राइज जास्त असेल तर

एक तर पाणी कमी जातंय, नाहीतर उष्णता जास्त येतेय. आधी हिशोब करून बघा. 210 मेगावॅटचं युनिट, टर्बाइन हीट रेट 2000 किलोकॅलरी प्रति युनिट धरला, त्यातले 860 वीज झाले, उरलेले 1140 कंडेन्सरकडे गेले. तासाला 24 कोटी किलोकॅलरीच्या आसपास. राइज 9 अंश असेल तर पाणी हवं तासाला साधारण 26-27 हजार घनमीटर. तुमच्या युनिटचे आकडे घालून हेच उलटं करा, म्हणजे प्रत्यक्षातला फ्लो किती ते कळेल. एवढ्या मोठ्या पाइपवर फ्लोमीटर क्वचितच असतो आणि असला तर त्यावर कुणाचा विश्वास नसतो, त्यामुळे ही उलटी आकडेमोडच कामाला येते.

फ्लो कमी निघाला तर वॉटरबॉक्सच्या इनलेट-आउटलेटमधला दाबफरक बघा. राइज वाढलाय आणि दाबफरकही वाढलाय, तर ट्यूबशीटवर कचरा बसलाय: टॉवरच्या फिलचे तुकडे, पालापाचोळा, शेवाळ, शिंपले. राइज वाढलाय पण दाबफरक घटलाय, तर कंडेन्सर निर्दोष आहे. पंप, त्याचा डिस्चार्ज व्हॉल्व्ह किंवा बंद युनिटकडे पाणी सोडत राहिलेला एखादा इंटरकनेक्शन व्हॉल्व्ह बघा. वॉटरबॉक्सच्या वरच्या भागात हवा अडकून वरच्या ट्यूबच्या रांगा कोरड्या पडणं हाही नेहमीचा प्रकार. व्हेंट उघडून दोन मिनिटं उभं राहिलं की हवा येते की पाणी ते कळतं.

दाबफरक ठीक, पंपाचा करंट ठीक, तरी राइज जास्त? मग उष्णता जास्त येतेय. कंडेन्सरच्या फ्लॅश टँककडे जाणाऱ्या प्रत्येक ड्रेन लाइनचं तापमान व्हॉल्व्हच्या पुढच्या बाजूला मोजा. मेन स्टीम ड्रेन, एचपी-एलपी बायपास, हीटरचे इमर्जन्सी ड्रिप (हीटरमधलं पाणी थेट कंडेन्सरकडे सोडणाऱ्या लाइन). बंद व्हॉल्व्हच्या पलीकडचा पाइप हात लावता येणार नाही इतका तापला असेल तर तो व्हॉल्व्ह बंद नाही. पासिंगचा मार दुहेरी असतो. वाफ टर्बाइनमध्ये काम न करता वाया जाते आणि वर कंडेन्सरवर बोजा टाकून उरलेल्या वाफेचंही काम कमी करते. हीटरची लेव्हल कंट्रोल होत नाही म्हणून इमर्जन्सी ड्रिप महिनोन् महिने उघडा ठेवणं, हे तर मला सरळ आळशीपणाचं लक्षण वाटतं.

टीटीडी जास्त असेल तर: ट्यूब की हवा?

खरा पेच इथे आहे. टीटीडी वाढण्याची दोन मोठी कारणं: ट्यूबच्या आत बसलेला थर, किंवा ट्यूबच्या बाहेर जमलेली हवा. व्हॅक्यूमच्या आकड्यावर दोघांचा परिणाम सारखाच दिसतो. आणि ट्यूब धुणं सगळ्यांना जमतं, हवा शोधणं कुणाला आवडत नाही, म्हणून पहिला संशय ठरलेला.

हवा किती थोडी पुरते हे समजून घ्या. शांत वाफेत आकारमानाने अर्धा टक्का हवा मिसळली तरी ट्यूबवर वाफ थिजण्याचा वेग निम्म्यावर येऊ शकतो, हे ऑथमरने 1929 मध्ये प्रयोगाने दाखवलं. वाफ ट्यूबकडे धावते, थिजते आणि सोबत आणलेली हवा ट्यूबभोवती सोडून जाते. पुढच्या वाफेला त्या थरातून वाट काढावी लागते. जेम्स वॉटने 1769 च्या पेटंटमध्ये वेगळा कंडेन्सर मांडला तेव्हा न थिजणारी हवा पंपाने उपसायची तरतूदही त्याच पेटंटमध्ये होती. म्हणजे हे दुखणं कंडेन्सरइतकंच जुनं आहे.

दोघांना वेगळं ओळखायच्या खुणा अशा:

हॉटवेलचं (कंडेन्सरच्या तळाशी थिजलेलं पाणी, म्हणजे कंडेन्सेट, जमतं तिथलं) तापमान. ट्यूब घाण असतील तर कंडेन्सेट वाफेच्या तापमानाच्या अर्ध्या-एक अंशाच्या आतच राहतं. हवा असेल तर ते खाली जातं. वरच्या उदाहरणात वाफ 49 वर आणि हॉटवेल 46 वर असेल तर हा तीन अंशांचा सबकूलिंग हवेकडे बोट दाखवतो. सीडब्ल्यू पाणी फार थंड असताना आणि लोड कमी असताना मात्र सबकूलिंग आपोआपही दिसतो, तो गृहीत धरू नका. हॉटवेलची लेव्हल चढून खालच्या ट्यूब पाण्यात बुडाल्या असतील तरीही दिसतो.

कंडेन्सेटमधला विरघळलेला ऑक्सिजन. हवा आत येतेय तर तो वाढतो. इथे एक बारीक मेख आहे, ती नीट लक्षात ठेवा. ऑक्सिजन वाढलाय पण बॅकप्रेशर हललेलं नाही, तर गळती पाण्याच्या पातळीखाली आहे: कंडेन्सेट पंपाचा ग्लँड, त्याचा सक्शन स्ट्रेनर, सक्शन व्हॉल्व्ह. ती हवा वाफेच्या जागेत न जाता थेट पाण्यात मिसळते. दोन्ही वाढलेत, तर गळती पातळीच्या वर आहे.

लोड कमी केल्यावर काय होतं. फक्त घाण असेल तर लोड उतरवल्यावर टीटीडीही जवळजवळ त्याच प्रमाणात उतरतो. 60 टक्के लोडला टीटीडी जागचा हलत नाही किंवा उलट वाढतो, तर हवा आहे. कारण लोड कमी झाला की एरवी वातावरणापेक्षा जास्त दाबात असलेले एलपी हीटर आणि त्यांना टर्बाइनमधून वाफ आणणाऱ्या एक्स्ट्रॅक्शन लाइनही व्हॅक्यूमखाली येतात. पूर्ण लोडला ज्या फ्लँजमधून वाफेची बारीक फुंकर येत होती, तोच फ्लँज आता हवा ओढतो.

स्टँडबाय व्हॅक्यूम पंप चालू करून बघणं. दुसरा पंप लावल्यावर बॅकप्रेशर चार-पाच मिमी सुधारलं तर दोष हवेचा किंवा चालू पंपाचा. काहीच फरक पडला नाही तर बहुतेक जण ‘म्हणजे ट्यूबच’ असं म्हणून मोकळे होतात. इथेच फसगत होते, म्हणून पुढचा भाग जरा सविस्तर.

सील वॉटरचं तापमान बघितलंत का?

वॉटर रिंग व्हॅक्यूम पंपात हवा उपसण्याचं काम पाण्याचं फिरतं कडं करतं. त्या पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब असतो आणि पंप त्याच्या खाली जाऊच शकत नाही. पाणी 30 अंश असेल तर बाष्पदाब 32 मिमी. 35 ला 42. 40 ला 55. कंडेन्सर 65 मिमीवर ठेवायचा आहे आणि सील वॉटर 40 वर गेलंय, तर पंपाच्या हातात दहाच मिमीची जागा उरली. मग तो हवेऐवजी स्वतःच्याच पाण्याची वाफ उपसत बसतो. केसिंगमधून खडी भरडल्यासारखा आवाज येतो, कॅव्हिटेशनचा. करंट मात्र जवळपास नेहमीचा राहतो, त्यामुळे डेस्कवर बसलेल्याला पंप ठणठणीत वाटतो.

आता दोन्ही पंपांच्या सील वॉटर कूलरला थंड पाणी एकाच हेडरमधून आणि एकाच स्ट्रेनरमधून येत असेल तर? स्टँडबाय पंप लावला तरी तोही तितकाच लंगडा. फरक पडला नाही म्हणून हवा निर्दोष सुटते आणि ट्यूबवर आळ येतो. शटडाउनमध्ये तो स्ट्रेनर आणि प्लेट कूलर साफ होतात, चालू केल्यावर व्हॅक्यूम झकास, आणि दोन-तीन महिन्यांत स्ट्रेनर पुन्हा भरतो. सुरुवातीला सांगितलेला साचा तुमच्याकडे हुबेहूब दिसत असेल, तर माझा पहिला संशय यावर असेल, ट्यूबवर नाही. तपासायला काय लागतं? कूलरच्या आधी आणि नंतर सील वॉटरचं तापमान, आणि स्ट्रेनरचा दाबफरक. चालू युनिटवर, एका शिफ्टमध्ये.

सील वॉटर कूलिंग पाण्यापेक्षा चार-पाच अंशांनी वर असेल तर चालेल. आठ-दहा अंशांनी वर असेल तर कूलर उघडा. कूलर साफ असूनही पाणी गरमच राहत असेल तर कूलिंगचं पाणी सीडब्ल्यूऐवजी दुसऱ्या थंड स्रोतातून, किंवा थेट टॉवरच्या मेक-अप लाइनमधून घेता येईल का ते बघा. सीडब्ल्यू 32 वर असताना त्याच्यापेक्षा थंड पाण्याची एक बारीक लाइनही पंपात जीव आणते.

पंपाऐवजी स्टीम इजेक्टर (वाफेच्या झोताने हवा ओढणारे) असतील तर हीच चौकशी वेगळ्या ठिकाणी करायची. मोटिव्ह स्टीमचा दाब, नोझलची झीज, आणि इंटरकंडेन्सरच्या (इजेक्टरची वाफ थिजवणाऱ्या छोट्या कंडेन्सरच्या) ड्रेनचा लूप सील, म्हणजे पाण्याने भरून हवा अडवणारा वळणाचा पाइप. लूप सील फुटला की उपसलेली हवा त्याच वाटेने पुन्हा कंडेन्सरमध्ये परत येते.

हवा आत येतेच आहे, तर कुठून?

पंप ठीक निघाला तर व्हॅक्यूम ड्रॉप टेस्ट घ्या: साधारण 80 टक्के लोडला, हवा उपसण्याची लाइन बंद करून, काही मिनिटं दर मिनिटाला बॅकप्रेशर नोंदवा. मिनिटाला दोन-तीन मिमीपर्यंत घसरण असेल तर घट्टपणा समाधानकारक, पाचच्या पुढे असेल तर शोधमोहीम हवी. पहिलं एक मिनिट हिशोबात धरू नका, स्थिरावायला वेळ लागतो. ट्रिप व्हॅल्यूपासून भरपूर अंतर ठेवा, थांबायचा आकडा आधीच ठरवा आणि व्हॉल्व्हजवळ वॉकीटॉकी घेऊन माणूस उभा ठेवा. व्हॉल्व्ह लांबून उघडायला नखरे करत असेल तर ही टेस्ट घेऊच नका. पंपाच्या डिस्चार्जवर हवेचा रोटामीटर (प्रवाहमापक) असेल तर तोच रोज वाचा, त्यात कसलाच धोका नाही.

संशयितांची यादी मोठी असली तरी मी क्रम असा लावतो. पहिले एलपी टर्बाइनचे ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीचे सील. ग्लँड स्टीमचा (त्या सीलमध्ये हवा अडवायला सोडलेल्या वाफेचा) दाब कमी ठेवण्यामागे बहुधा एक गोष्ट असते: ग्लँडमधून वाफ बाहेर येते, बेअरिंगच्या तेलात पाणी जातं, तेलवाले ओरडतात, म्हणून ऑपरेटर हेडरचा सेट पॉइंट खाली आणतो. तेल कोरडं राहतं, व्हॅक्यूम गळतो. सेट पॉइंट थोडा वर नेऊन दहा-पंधरा मिनिटं रोटामीटर आणि बॅकप्रेशर बघा. सुधारणा दिसली तर चोर सापडला. मग दुरुस्ती ग्लँडच्या क्लिअरन्सची आणि ग्लँड एक्झॉस्टरची करायची, तेल आणि व्हॅक्यूम यांत तडजोड करायची नाही.

त्यानंतर व्हॅक्यूम ब्रेकरचा (गरजेला मुद्दाम हवा आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) वॉटर सील. त्यात पाणी आहे का, ते गेज ग्लासमध्ये दिसतं. दिसत नसेल तर आधी ग्लास पुसा. मग एलपी एक्झॉस्टवरचे रप्चर डायफ्रॅम (दाब वाढला तर फुटणारे पडदे), टर्बाइन-कंडेन्सर जोडणीचा बेलोज (लवचीक सांधा), एलपी हीटरचे व्हेंट, लेव्हल गेजचे ग्लँड, फ्लॅश टँकच्या वेल्डिंगच्या चिरा. आणि वर्षानुवर्षं न वापरलेले, कॅप नसलेले टॅपिंग.

हीलियम डिटेक्टर मिळाला तर सोनं. प्रोब पंपाच्या डिस्चार्जला लावा आणि हीलियमची बारीक धार संशयित जागेवर सोडा. काम टर्बाइन फ्लोअरपासून सुरू करून खाली या. हीलियम हलका असल्यामुळे वर चढतो. खालून सुरुवात केली तर खाली सोडलेला वायू वरच्या गळतीतून आत जातो आणि भलतीच जागा पकडली जाते. प्रत्येक ठिकाणी अर्धं-एक मिनिट थांबा, प्रतिसाद यायला तेवढा वेळ लागतो. मेणबत्तीची ज्योत कुठे झुकते ते बघायची जुनी पद्धत हायड्रोजन-कूल्ड जनरेटरच्या शेजारी अजिबात नको.

शटडाउनमध्ये खात्रीचा उपाय म्हणजे वाफेची बाजू पाण्याने भरून बाहेर कुठे ठिबकतं ते बघणं. कंडेन्सर स्प्रिंगवर बसवलेला असेल तर भरण्याआधी खाली जॅक लावून स्प्रिंग मोकळे करायलाच हवेत, ते एवढ्या पाण्याच्या वजनासाठी नसतात. आणि नंतर जॅक काढायला विसरू नका. मात्र ग्लँडची गळती या टेस्टमध्ये सापडत नाही, पाणी तिथपर्यंत भरतच नाही.

आणि खरंच ट्यूबच निघाल्या तर

सबकूलिंग नाही, ऑक्सिजन ठीक, सील वॉटर थंड, लोडप्रमाणे टीटीडी उतरतो. मग ट्यूबच. तरी नुसतं ‘धुवा’ म्हणू नका, एखादी ट्यूब उघडून बोट आत फिरवा. बुळबुळीत थर असेल तर जैविक शेवाळ आहे, क्लोरिनेशनच्या वेळा आणि मात्रा तपासा. खरखरीत, पांढरट, नखाने न निघणारा थर असेल तर कार्बोनेटचं स्केल; सीडब्ल्यूचे सायकल्स ऑफ कॉन्सन्ट्रेशन (फिरत्या पाण्यातले क्षार मेक-अपच्या किती पट झाले ते) आणि डोसिंग बघा. पहिल्याला साधा ब्रश पुरतो, दुसऱ्याला नाही. केमिस्ट्रीचं बिघडलेलं गणित तसंच ठेवून ट्यूब धुतल्या तर थर पुन्हा येणारच.

स्पंज बॉल सिस्टिम असेल तर बॉल मोजा. नवा बॉल ट्यूबच्या आतल्या व्यासापेक्षा एक-दोन मिमी मोठा असतो, झिजून ट्यूबएवढा झाला की नुसता फेऱ्या मारतो, घासत नाही. टाकलेल्यांपैकी किती परत आले हे रोज लिहिलं जातं का? बऱ्याच ठिकाणी सिस्टिम ‘चालू’ असते आणि कलेक्टरमध्ये मूठभर बॉल असतात.

धुण्याच्या कामात पितळी ट्यूबवर जास्त दाबाचा जेट मारण्याची हौस आवरा. चालू केल्यावर कंडेन्सेटची कंडक्टिव्हिटी चढली तर एखादी ट्यूब फुटलीय आणि बॉयलरच्या ट्यूबना त्याची किंमत मोजावी लागेल.

हे उपाय टाळा

दोन्ही व्हॅक्यूम पंप कायम चालू ठेवणं. आकडा सुधारतो, गळती वाढत राहते, आणि एक पंप बंद पडला की लोड उतरवावा लागतो. निदानासाठी तासभर ठीक.

जास्तीचा सीडब्ल्यू पंप बारमाही चालवणं. फ्लो वाढून राइज कमी होतो हे खरं, पण पंपाची वीज वजा करून बघा. थंडीत तर हा सौदा बहुधा तोट्याचाच असतो, कारण बॅकप्रेशर एका मर्यादेखाली गेलं की शेवटच्या ब्लेडनंतर वाफ चोक होते. त्यापुढे व्हॅक्यूम वाढवून वीज वाढत नाही, उलट कंडेन्सेट विनाकारण थंड होतं आणि ते पुन्हा तापवावं लागतं. ही मर्यादा तुमच्या टर्बाइनच्या करेक्शन कर्व्हवर दिसते, जिथे वक्र आडवा होतो तिथे.

पुढच्या शटडाउनसाठी एवढं करा

युनिट बंद करायच्या आधीच्या दिवशी, पूर्ण लोडला, तिन्ही तुकडे, हॉटवेलचं तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, रोटामीटर, सील वॉटरचं तापमान आणि वॉटरबॉक्सचा दाबफरक एका कागदावर लिहा. शक्य असेल तर व्हॅक्यूम पंपाचा कूलर आणि स्ट्रेनर शटडाउनच्या आठवडाभर आधी, युनिट चालू असतानाच, एकेक करून साफ करा आणि काय फरक पडला ते वेगळं नोंदवा. ग्लँड स्टीमचा सेट पॉइंटही तेव्हाच हलवून बघा. सगळं एकाच वेळी उघडलं तर कशाने काय सुधारलं ते कळत नाही. शटडाउननंतर तेच आकडे, त्याच लोडला, पुन्हा घ्या आणि मग दर आठवड्याला एकदा. तीन महिन्यांत व्हॅक्यूम परत पडला, तर कुठला तुकडा आधी हलला ते त्या कागदावर दिसेल.

कुणाला विचारायचं असेल तर हेच आकडे, लोड आणि बॅरोमीटरसह द्या. ‘व्हॅक्यूम 20 ने कमी आहे’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही.